स्टॅफिलोकॉकसचे विभाजन रोखणारा रेणू: पीसी१९०७२३ ते टीएक्सए७०९

पेशीभित्तिका, रायबोसोम, डीएनए जायरेज आणि फोलेट तयार करणारी विकरे. दवाखान्यात वापरली जाणारी बहुतेक प्रतिजैविके या मोजक्याच जागांवर घाव घालतात आणि त्या प्रत्येक जागेवर जिवाणूंनी तोड शोधलेली आहे. २०१९ मध्ये औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे जगभरात थेट १२ लाख ७० हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. त्यांतले एक लाखाहून अधिक एकट्या एमआरएसएचे, म्हणजे मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियसचे. पेशीविभाजनाचे मुख्य प्रथिन एफटीएसझेड मात्र औषधांच्या यादीत अजून आलेले नाही. त्याला थेट बांधणारे एकही प्रतिजैविक बाजारात नाही. तिथपर्यंत जाण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न बेंझामाइड वर्गातल्या रेणूंनी केला. शीर्षकातले पीसी१९०७२३ आणि टीएक्सए७०९ हे त्यांतलेच. तो कुठे यशस्वी झाला आणि कुठे अडला, हे पाहण्यासाठी हे प्रकरण निवडले आहे. आमचे मत आधीच सांगतो: लक्ष्य बरोबर होते आणि रेणू त्या लक्ष्यावरच बसत होता. अडचण आली ती रक्तात टिकण्याची आणि जोडीला कोणते औषध द्यायचे याची.

लक्ष्य हेच का

१९९१ साली बी आणि लुटकेनहाउस यांनी ई. कोलायमध्ये दाखवले की विभाजनाच्या वेळी एफटीएसझेड पेशीच्या मधोमध पटलाच्या (पेशीभोवतीच्या पातळ आवरणाच्या) आतल्या बाजूला कडे करून बसते. या कड्याला झेड-रिंग म्हणतात. दुसऱ्याच वर्षी हे प्रथिन जीटीपी हा ऊर्जा देणारा रेणू फोडते हे कळले. १९९८ मध्ये लोव आणि एमॉस यांनी त्याची त्रिमितीय रचना उलगडली, तेव्हा ते आपल्या पेशींतल्या ट्यूब्युलिनचे, म्हणजे पेशीचा सांगाडा उभारणाऱ्या प्रथिनाचे, दूरचे भावंड निघाले. घडी जवळपास सारखी, पण अमिनो आम्लांचा क्रम पाचव्या हिश्श्याइतकाही जुळत नाही. औषध शोधणाऱ्याला हेच हवे असते. घडी ओळखीची असल्याने रेणू कुठे बसेल याचा अंदाज येतो आणि क्रम वेगळा असल्याने माणसाच्या ट्यूब्युलिनला धक्का न लावता जिवाणूचे प्रथिन पकडता येते.

हे कडे स्थिर नसते. एफटीएसझेडच्या तंतूला एका टोकाला नवे घटक जोडले जातात, दुसऱ्या टोकाचे घटक जीटीपी फुटल्यावर सुटत जातात आणि त्यामुळे संपूर्ण तंतू पुढे सरकत राहतो. हे सरकणेच पेशीभित्तिका विणणाऱ्या विकरांना मधल्या भिंतीवर नेमक्या जागी पोचवते, हे २०१७ मध्ये बॅसिलस सब्टिलिस हा मातीतला जिवाणू आणि ई. कोलाय या दोन्हींत दिसले. म्हणजे विभाजन थांबवायला तंतू मोडावाच लागतो असे नाही. त्याचे सरकणे थांबवले तरी पुरते.

सुरुवात एका कमकुवत रेणूपासून

३-मिथॉक्सीबेंझामाइड हा एडीपी-रायबोसिलेशन (प्रथिनांना एक रासायनिक गट जोडण्याची क्रिया) रोखणारा रेणू म्हणून प्रयोगशाळांत आधीपासून होता. तो घातला की बॅसिलस सब्टिलिसच्या पेशी विभागत नाहीत, लांबत जातात, हे दिसल्यावर जपानी संशोधकांनी १९९९ मध्ये त्याला दाद न देणारे उत्परिवर्ती जिवाणू वेगळे केले. त्यांतले बदल एफटीएसझेडच्या जनुकात सापडले. लक्ष्याचा धागा इथे हाती लागला. पण परिणामासाठी लागणारी मात्रा मिलिलिटरला मिलिग्रामच्या पातळीवर होती, म्हणजे औषधाच्या दृष्टीने निरुपयोगी.

ऑक्सफर्डजवळच्या यार्नटनमधल्या प्रोलिसिस या छोट्या कंपनीने हा धागा उचलला. जेफ एरिंग्टन यांच्या ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या कामातून ही कंपनी उभी राहिली होती. तिथे पाचशेहून अधिक जुळे, म्हणजे थोडाथोडा फरक केलेले, रेणू बनवून तपासले गेले. त्यांतून हाती आलेले नियम थोडके पण ठाम होते. बेंझीनच्या दुसऱ्या आणि सहाव्या जागी फ्लोरीन घातले की जोर वाढतो. तिसऱ्या जागेवरच्या ऑक्सिजनला लांब कार्बनी शेपूट किंवा चपटे विषमचक्री वलय जोडले की तो आणखी वाढतो. शेपटाचा त्रास असा की रेणू तेलकट होतो आणि रक्तातल्या प्रथिनांना चिकटून बसतो, म्हणून वलयाकडे जाणे भाग पडले. तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा: अमाइडच्या नायट्रोजनवर काहीही लावले की परिणाम जातो.

या नियमांतून पीसी१९०७२३ तयार झाला. यात डायफ्लोरोबेंझामाइडला मिथिलीनच्या पुलाने क्लोरीनयुक्त थायाझोलोपिरिडिन हे चपटे जोडवलय जोडलेले आहे. रेणूभार सुमारे ३५६. स्टॅफिलोकॉकस ऑरियसविरुद्ध किमान रोधक मात्रा (वाढ रोखणारी सर्वांत कमी मात्रा) मिलिलिटरला एक मायक्रोग्रामच्या आसपास, म्हणजे मूळ रेणूपेक्षा हजार पटींहून अधिक जोर. सप्टेंबर २००८ मध्ये हेडन आणि सहकाऱ्यांनी हे काम प्रसिद्ध केले. प्राणघातक मात्रेत स्टॅफिलोकॉकस दिलेल्या उंदरांना किलोला ३० मिलिग्राम दिल्यावर ते सगळे वाचले. एफटीएसझेडवर नेम धरणारा रेणू प्राण्यात जीव वाचवू शकतो, हे यातून प्रथमच दिसले.

रेणू लक्ष्यावरच बसतो हे कसे सिद्ध करायचे

या क्षेत्रात सर्वांत जास्त फसगत इथे होते, म्हणून इथे थोडे थांबायला हवे. एखादा पदार्थ घातला, जिवाणू लांबले, शुद्ध एफटीएसझेडवरही काही परिणाम दिसला, की शोधनिबंध तयार होतो. हे दोन्ही परिणाम इतर कारणांनीही घडू शकतात.

पहिली पायरी किमान रोधक मात्रेची. रेणूचे १० मिलिग्राम प्रति मिलिलिटर द्रावण डीएमएसओ या विद्रावकात करावे. ९६ खड्ड्यांच्या प्लेटमध्ये कॅल्शियम-मॅग्नेशियम समायोजित म्युलर-हिंटन ब्रॉथ हा पोषक द्रव वापरून ६४ पासून ०.१२५ मायक्रोग्रामपर्यंत दहा स्तंभ निम्म्या-निम्म्याने पातळ करावेत. अकरावा स्तंभ फक्त डीएमएसओचा, बारावा जिवाणूविरहित. दुप्पट तीव्रतेचे औषध ५० मायक्रोलिटर आणि त्यावर मिलिलिटरला दहा लाख पेशींचे बीज ५० मायक्रोलिटर, म्हणजे शेवटी मिलिलिटरला पाच लाख पेशी होतात. बीजासाठी ०.५ मॅकफारलंडचे (जिवाणूंच्या गढूळपणाचे प्रमाण माप) द्रावण शंभर पट पातळ केले की पुरते. वरच्या खड्ड्यात डीएमएसओ ०.६४ टक्के येतो आणि अकराव्या स्तंभातही तेवढाच ठेवावा लागतो. प्लेट ३५ अंशांवर १६ ते २० तास ठेवावी. सोबत एटीसीसी २९२१३ हा प्रमाण वाण लावल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवू नये. हे बेंझामाइड पाण्यात फारसे विरघळत नाहीत. ६४ आणि ३२ च्या खड्ड्यांत दिसणारा गढूळपणा जिवाणूंचा नसून साक्याचा असू शकतो. शंका आली की त्या खड्ड्यातले दहा मायक्रोलिटर अगारवर टाकून पाहावे.

वेळेआधी वाचन घेतले तर आणखी एक चकवा बसतो. विभाजन थांबले तरी वाढ थांबत नाही. पेशी फुगतात, लांबतात, त्यामुळे पहिला तास-दीड तास गढूळपणा वाढतच राहतो. वसाहती मोजल्या तर संख्या मात्र जागच्या जागी असते. प्रकाशघनता चढती आणि वसाहतींची संख्या सपाट, ही जोडी विभाजनरोधकाची खूण आहे. फक्त एवढे लक्षात ठेवावे की तंतूसारखी लांबच लांब पेशीही अगारवर एकच वसाहत देते.

दुसरी पायरी सूक्ष्मदर्शकाची. बॅसिलस सब्टिलिस १६८ हा वाण ३७ अंशांवर एलबी या पोषक द्रवात वाढवून प्रकाशघनता ०.१ ते ०.२ असताना रेणू किमान रोधक मात्रेच्या दोन ते चार पट घालावा आणि ३०, ६०, ९० मिनिटांनी नमुने घ्यावेत. रंगवायला पटलासाठी एफएम४-६४, डीएनएसाठी डॅपी. आता काय पाहायचे? पेशी तंतूसारखी लांबलेली असावी, मध्ये आडव्या भिंती नसाव्यात आणि डीएनएचे ठिपके सारख्या अंतरावर सुटेसुटे ओळीने मांडलेले असावेत. सिप्रोफ्लॉक्सासिननेही पेशी लांबतात, पण तिथे डीएनएला इजा होऊन एसओएस प्रतिसाद (डीएनए दुरुस्तीची आणीबाणी) पेटतो आणि ठिपक्यांची ही नीटस रांग विस्कटते. सेफॅलेक्सिनने ई. कोलाय लांबते, पण तिथे एफटीएसझेडची कडी जागेवर असतात, कारण त्याचा घाव भिंत विणणाऱ्या विकरावर आहे. पीसी१९०७२३ घातल्यावर हिरवी चमक जोडलेले एफटीएसझेड पाहिले तर कडी नाहीशी होऊन तंतूभर ठिपके विखुरलेले दिसतात. स्टॅफिलोकॉकस गोल असल्याने त्याचे तंतू होत नाहीत. एक मायक्रोमीटरची पेशी फुगून दोन-तीन पट मोठी होते.

तिसरी पायरी बहुतेक जण गाळतात आणि तीच निर्णायक आहे: पटलाचा विद्युतभार तपासणे. श्ट्राल आणि हामून यांनी २०१० मध्ये दाखवले की पटलावरचा विद्युतदाब उतरला तर विभाजनाची कितीतरी प्रथिने आपली जागा सोडतात. म्हणजे पटलाला भोक पाडणारा कोणताही साबणी रेणू 'एफटीएसझेडरोधक' असल्यासारखा वागू शकतो. डायएससी३-५ हा रंग वापरून, विद्युतदाब नक्की उतरवणारे सीसीसीपी तुलनेसाठी (धन नियंत्रण म्हणून) ठेवून हे काही मिनिटांत तपासता येते. पुढे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या वायबेल गटाने त्या काळी गाजलेले अनेक एफटीएसझेडरोधक तपासले, तेव्हा त्यांतले बरेचसे पेशीत पटलालाच धक्का देत असल्याचे आढळले.

इथे आपल्याकडचा एक धागा येतो. पवईच्या आयआयटी मुंबईत दुलाल पांडा यांच्या प्रयोगशाळेने सँग्विनारिन, टोटारोल आणि २००८ मध्ये हळदीतल्या कर्क्युमिनचा एफटीएसझेडवरचा परिणाम अभ्यासला. कर्क्युमिनने बॅसिलसच्या पेशी लांबतात आणि शुद्ध प्रथिनाच्या तंतूंचे जुडगे कमी होतात, असे त्यांनी नोंदवले. वनस्पतिजन्य रेणूंकडे या लक्ष्याच्या नजरेने पाहण्याचे हे मोलाचे काम होते. पण कर्क्युमिन हा औषधासाठी अतिशय अवघड रेणू आहे. तो पाण्यात लवकर फुटतो, स्वतः चमकतो, प्रथिनांशी आणि पटलाशी सैलपणे कुठेही चिकटतो. म्हणून हळदीचा अर्क घेऊन एफटीएसझेडवर प्रकल्प करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना आमचे सांगणे एकच: पटलाची चाचणी आणि खाली दिलेली गुठळ्यांची (ट्रायटनची) चाचणी पहिल्याच आठवड्यात करा. सहा महिने गेल्यावर नको.

चौथी पायरी शुद्ध प्रथिनाची. स्टॅफिलोकॉकसचे एफटीएसझेड सुमारे ४१ किलोडाल्टनचे आहे, म्हणजे १० मायक्रोमोलर म्हणजे मिलिलिटरला जवळपास ०.४ मिलिग्राम. बफर ५० मिलिमोलर हेपीस, ५० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड, १० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, त्यात २० मायक्रोमोलर रेणू आणि शेवटी एक मिलिमोलर जीटीपी. तंतू झाले की वेगवान सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसवून गाळ आणि वरचे द्रव दोन्ही जेलवर पाहायचे. बिघाडाची ठिकाणे ठरलेली आहेत. गोठवून वितळवलेल्या प्रथिनात आधीच गुठळ्या असतात, म्हणून जीटीपी घालण्यापूर्वी एकदा फिरवून त्या काढून टाकाव्यात. जीटीपी न घातलेला नमुना प्रत्येक वेळी लावावा. त्यातही गाळ बसला तर तो तंतूंचा नाही. जीटीपीच्या जुन्या साठ्यात सुटे फॉस्फेट साचलेले असते. मॅलकाइट ग्रीन या फॉस्फेट दाखवणाऱ्या रंगाने जीटीपी फुटण्याचा वेग मोजताना त्यामुळे सुरुवातच वरून होते. आणि रेणू स्वतःच गुठळ्या करून प्रथिनाला ओढत असेल तर ०.०१ टक्के ट्रायटन एक्स-१०० हा साबणी पदार्थ घातल्यावर परिणाम विरून जातो. खरा रोधक ट्रायटनने हलत नाही.

पीसी१९०७२३ च्या बाबतीत या प्रयोगांनी पहिली समजूत बदलली. सुरुवातीला तो जीटीपी फोडण्याची क्रिया रोखणारा म्हणून ओळखला गेला. २०१० मध्ये आंद्रेउ यांच्या माद्रिदमधल्या गटाने दाखवले की तो तंतू मोडत नाही, उलट घट्ट धरून ठेवतो. स्फटिकरचनांनी कारण सांगितले. एफटीएसझेडचे दोन भाग आणि त्यांच्यामधली सातवी हेलिक्स (प्रथिनाचा सर्पिल दांडा) यांच्यात एक फट आहे. प्रथिन सुटे असताना ती मिटलेली आणि तंतूत असताना उघडी असते. रेणू उघड्या फटीत शिरतो आणि तिला मिटू देत नाही. अमाइड आत खोलवर व्हॅलिन २०७, ल्युसिन २०९ आणि अस्पारजिन २६३ यांच्याशी हायड्रोजनबंध करतो. अमाइडला हात का लावता येत नाही याचे उत्तर इथे मिळाले. ट्यूब्युलिनमध्ये टॅक्सॉल हे कर्करोगाचे औषध जिथे बसते त्याच्याशी ही जागा मिळतीजुळती आहे.

पाचवी पायरी, प्रतिरोधी वाणांची, सर्वांत पक्का पुरावा देते. किमान रोधक मात्रेच्या चौपट औषध घातलेल्या अगारवर सुमारे एक हजार कोटी पेशी पसरून ४८ तास ठेवाव्यात. या वर्गात प्रतिरोधाचे प्रमाण साधारण दहा कोटी पेशींत एखाददुसरी असे असते, म्हणजे शंभरेक वसाहती मिळायला हव्यात. त्यांचे एफटीएसझेडचे जनुक वाचायचे आणि सापडलेला बदल स्वच्छ वाणात घालून पुन्हा मात्रा मोजायची. पीसी१९०७२३ च्या बाबतीत बदल नेमक्या त्या फटीच्या काठावर आले. १९६ व्या जागी ग्लायसीनऐवजी अॅलॅनिन हा त्यांतला नेहमी भेटणारा. एका मिथिल गटाची भर पडते आणि थायाझोलोपिरिडिनच्या वाटेत अडथळा उभा राहतो. एकही बदल या जनुकात न सापडता प्रतिरोध येत असेल, तर रेणूचे लक्ष्य दुसरेच आहे असे समजावे.

कुठे अडले

व्याप्ती अरुंद. स्टॅफिलोकॉकस आणि बॅसिलसवर परिणाम उत्तम. न्यूमोकॉकस, ई. कोलाय आणि स्यूडोमोनासवर नाही. ज्या जिवाणूंत या फटीतली अमिनो आम्ले वेगळी आहेत तिथे रेणूला शिरायला जागाच मिळत नाही. ई. कोलायसारख्या दुहेरी पटलाच्या जिवाणूंत आणखी एक अडसर आहे, तो म्हणजे आत आलेले बाहेर फेकणारे पंप. हे पंप रोखणारा पदार्थ सोबत दिला तर याच वर्गातला रेणू त्यांच्यावरही चालतो, हे २०१४ मध्ये अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या गटाने दाखवले.

खरा अडथळा रक्तात होता. पीसी१९०७२३ पाण्यात विरघळत नसल्याने शिरेतून देणे कठीण आणि शरीर त्याला भराभर मोडते. पिरिडिन वलयावरचा क्लोरीन निघून जातो आणि तिथे ऑक्सिजन चढतो. मात्रा वाढवून हे भरून काढता येत नाही, कारण विरघळण्याची मर्यादा आधी आडवी येते. २००९ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियाच्या बायोटाने प्रोलिसिस विकत घेतली. या वर्गाचे पुढचे मोठे काम मात्र न्यू जर्सीत, रटगर्स विद्यापीठातले पिल्च आणि लावॉय आणि टॅक्सिस ही कंपनी यांच्याकडे झाले.

त्यांनी दोन बदल केले आणि दोन्ही आधीच्या नियमांतूनच निघाले. ज्या कार्बनवर क्लोरीन होता तिथे ट्रायफ्लोरोमिथिल गट बसवला. तो यकृतातल्या विकरांना तोडता येत नाही. या रेणूचे नाव टीएक्सए७०७, जोर पीसी१९०७२३ इतकाच. दुसरा बदल अधिक हुशारीचा. अमाइडच्या नायट्रोजनवर काही लावले की परिणाम जातो, हा दोष त्यांनी साधन म्हणून वापरला. तिथे मिथिलपायपेरिडिनचा आम्लधर्मी द्रावणात भारित होणारा गट जोडला. यातून झालेला टीएक्सए७०९ पाण्यात विरघळतो, तोंडावाटेही शोषला जातो आणि रक्तात गेल्यावर तो गट सुटून टीएक्सए७०७ मोकळा होतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांत तो पीसी१९०७२३ पेक्षा कितीतरी अधिक काळ टिकला आणि कमी मात्रेत एमआरएसएवर चालला.

जोडीचे औषध

दहा कोटींत एक हे प्रतिरोधाचे प्रमाण ऐकायला छोटे वाटते. पण गंभीर संसर्गात शरीरात त्याहून कितीतरी अधिक जिवाणू असतात. म्हणजे उपचार सुरू होण्याआधीच प्रतिरोधी पेशी हजर असणार. एकट्याने देण्याचे औषध म्हणून या वर्गाकडे पाहणे आम्हाला धोक्याचे वाटते.

यावरचा मार्ग २०१२ मध्ये मर्क या औषध कंपनीच्या गटाने दाखवला. एमआरएसएवर बीटा-लॅक्टॅम (पेनिसिलिनच्या कुळातली औषधे) चालत नाहीत, कारण त्याच्याकडे पीबीपी२ए हे जास्तीचे विकर असते. पण भिंत विणणाऱ्या या सगळ्या विकरांनी विभाजनाच्या जागी एकत्र यावे लागते आणि त्यांना तिथे आणणारे एफटीएसझेडच. पीसी१९०७२३ ने कडे विस्कटले की विकरे पांगतात आणि इमिपेनेम हे बीटा-लॅक्टॅम पुन्हा लागू पडते. त्याहून महत्त्वाचे हे की पीसी१९०७२३ ला दाद न देणारे उत्परिवर्ती बीटा-लॅक्टॅमपुढे मूळ वाणापेक्षाही हळवे निघाले. एका औषधापासून सुटण्याची वाट दुसऱ्या औषधाच्या तोंडी नेते. २०१६ मध्ये टीएक्सए७०९ आणि सेफडिनिर या तोंडावाटे घेण्याच्या सेफॅलोस्पोरिनची जोडी तपासली गेली. तिथेही दोन्ही मिळून परिणाम वाढला आणि प्रतिरोधी वसाहतींचे प्रमाण घटले.

प्रयोगशाळेत अशी जोडी तपासायची तर एका अक्षावर बेंझामाइड, दुसऱ्यावर बीटा-लॅक्टॅम अशी चौकटमांडणी करतात आणि प्रत्येक औषधाची जोडीतली मात्रा भागिले एकट्याची मात्रा अशी बेरीज काढतात. ०.५ किंवा त्याहून कमी आली तरच परस्परपूरकता म्हणावी. एमआरएसएच्या काही वाणांत बीटा-लॅक्टॅमची एकट्याची मात्रा प्लेटच्या कमाल मर्यादेपलीकडे असते. अशा वेळी 'पेक्षा जास्त' हा आकडा तसाच सूत्रात घातला की बेरीज चुकते. बीटा-लॅक्टॅमचा पल्ला आधी २५६ किंवा ५१२ मायक्रोग्रामपर्यंत नेऊन खरी मात्रा शोधावी, मग चौकट मांडावी. आणि एकाच वाणावर थांबू नये. रुग्णांकडून मिळालेले, वेगवेगळ्या जनुकीय घराण्यांतले वाण घेतल्याशिवाय जोडीबद्दल काही म्हणता येत नाही.

१९६ व्या जागेच्या बदलावरही उत्तर शोधले गेले आहे. टीएक्सए६१०१ या नंतरच्या रेणूत ताठ जोडवलयाऐवजी फिरू शकणाऱ्या बंधाने जोडलेली वलये आहेत. १९६ व्या जागी सेरिन आलेल्या एफटीएसझेडच्या फटीतही तो अंग वळवून बसतो, हे २०१७ मध्ये स्फटिकरचनेत दिसले. फिरत्या बंधामुळे रेणू अडथळ्याशेजारून जातो, पण प्रत्येक मोकळा बंध बांधला जाताना ऊर्जेची किंमत मागतो आणि यकृतातल्या विकरांना घाव घालायला नवी जागाही देऊ शकतो. म्हणून या रेणूच्या प्रत्येक नव्या जुळ्यासाठी किमान रोधक मात्रेच्या बरोबरीने यकृताच्या मायक्रोसोममधला (औषधे मोडणारी विकरे असलेल्या पेशीतुकड्यांमधला) टिकाव त्याच आठवड्यात मोजायला हवा.